आठव्या दिवसाची मोजणी

मंगळवारी, डबा उघडायच्या आधी
खरात साहेबांनी आत बोलावलं.
कंपनी विकली गेलीय म्हणाले,
प्रयोगशाळा मेडचलला हलणार.
चौदा वर्षांचं पाकीट टेबलावरून पुढं सरकवलं
आणि खिडकीबाहेर बघत बसले.
त्यांचंही पाकीट ड्रॉवरमध्ये होतं, हे नंतर कळलं.

डब्यात मेथीचा घोळाणा होता.
ओल्या कागदांच्या गुंडाळ्या तशाच सोडून
फाटकापर्यंत आले,
परत फिरले, पाणी शिंपडलं.
त्यांचा चौथा दिवस होता.

पुढचे दोन महिने मी काही केलं नाही.
म्हणजे केलं:
माळ्यावरची भांडी खाली काढली, घासून परत वर ठेवली,
स्कूटीचे हप्ते तोंडपाठ केले,
एकदा मंठा चौफुलीवर तासभर उभी राहिले
कुठलीच बस न पकडता.
मेडचलहून फोन आला, या, पगार दीडपट.
सुदाम म्हणाला, तुला वाटतं ते कर,
आणि रात्रभर कूस बदलत राहिला.

मला काय वाटत होतं?
मला अडुसष्ट आठवत होते.

एका मे महिन्यात सोयाबीनच्या
शंभर दाण्यांतले अडुसष्ट उगवले.
सत्तरला पास.
कुणी धमकावलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.
साहेब एवढंच म्हणाले, परत एकदा बघा, मॅडम.
आणि मी परत एकदा न बघता
सत्तर लिहिले.
दोनच तर.
आकडा टपोरा आला, सही घाईत.
त्या गोण्या घनसावंगीला गेल्या की परतूरला
मी विचारलं नाही.
विचारलं नाही म्हणून
दोन्ही गावांच्या एस.ट्या अजून माझ्याकडे बघत जातात.

मेडचलला नाही म्हणून कळवलं.
स्कूटी विकली.
पत्र्याच्या शेडमध्ये गोणपाट अंथरलं,
ओलं केलं, कुणाचंही बी असो,
शंभर दाणे दहाच्या ओळीत.
वीस रुपये. दारावर पाटी नाही.
महिन्याला कधी चार हजार होतात,
कधी नऊशे.
नऊशेच्या महिन्यात सुदाम परत कूस बदलतो
आणि मीही काही देवी नाही, मेडचलचा नंबर
अजून पुसलेला नाही.

पण सकाळी गोणपाट उलगडताना
हात थरथरत नाही.
उगवलेलं एकीकडे, वाकडं उगवलेलं दुसरीकडे,
कुजलेलं बोटानं दाबून बघायचं.
आणि एक असतं कठीण बी.
आठ दिवस ओलात राहून पाण्याचा थेंबही पीत नाही.
ते मेल्यांत धरायचं नसतं.
वेगळं मोजायचं, नियमच आहे तसा.
त्या दोन महिन्यांत
हिचं आता संपलं म्हणून हळहळून गेलेल्या नणंदांना
हा नियम सांगायचा राहिला.

परवा भोकरदनकडच्या कौसाबाई आल्या.
पदराच्या गाठीत वाळकाचं बी, राखेत घोळलेलं.
सासूच्या हातचं. सासू जाऊन नऊ वर्षं.
शंभर नव्हत्याच, मोजल्या तर त्रेसष्ट बिया निघाल्या.
आठव्या दिवशी त्या उंबऱ्यात येऊन बसल्या:
"किती उगवल्या, बाई?"

जीभ जरा अडखळली.
दहा म्हणता आलं असतं, तेवढाच म्हातारीला आधार.

"चार."

"चार?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं
जसं चौदा वर्षांत कुणी बघितलं नव्हतं.
"मंग बास झाल्या की!
एका येलाला किती वाळकं येतेत,
म्हाईत हे का तुला?"

नव्हतं माहीत.
आमची नोंदवही आठव्या दिवशी मिटायची.

तीन रोपं त्यांनी चिंधीत गुंडाळली.
चौथं, माझ्या ऑफिसच्या डब्याच्या खालच्या कप्प्याला
खिळ्यानं भोक पाडून
त्यात लावून गेल्या.
वीस रुपये द्यायचे विसरल्या.

मीही.